तंजावरचा राजवाडा: नायकांचा भाग कोणता, मराठ्यांचा कोणता, हे बघताना ओळखायचं कसं?

महाल_गांधीगेट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या आमच्या महाल भागातला वारसा बघत फिरणारा गट जानेवारीत तंजावरला जातो आहे. आपल्याकडे भोसल्यांचा मोठा वाडा १८६४ च्या आगीत गेला, त्यामुळे त्या तोडीचा मराठा राजवाडा बघायचा तर तंजावर, असं सगळ्यांनी ठरवलं. पण वाचायला लागलो तेव्हा गोंधळ वाढला. कुठे 'मराठा पॅलेस' लिहिलंय, कुठे 'नायक पॅलेस'. चोळांचा म्हणणारेही भेटले. एकाच दरबाराला दोन नावं दिसतात.

तर जाणकारांनी सांगावं:
१) मूळ बांधकाम कोणाचं आणि कोणी काय वाढवलं?
२) जागेवर उभं राहून खांब, कमान, गिलावा बघून ते ओळखता येतं का?
३) सरस्वती महालात, म्हणजे वाड्यातल्या जुन्या ग्रंथालयात, मराठी आणि मोडी म्हणून नक्की काय आहे? आमच्यातल्या तिघी-चौघींना मोडी बऱ्यापैकी वाचता येते.
४) एका दिवसात नीट बघून होतं का?

---

जुनी_शुक्रवारी

चोळांचं नाव आधी बाजूला ठेवा. तंजावर नवव्या शतकाच्या मध्यापासून चोळांची राजधानी होती आणि बृहदीश्वर मंदिर राजराजाने १०१० मध्ये पूर्ण केलं, हे खरं. पण तेराव्या शतकात पांड्यांनी चोळांचा पाडाव करताना तंजावर जाळलं. आज जो राजवाडा उभा आहे त्यात चोळांची एकही भिंत नाही. वाड्यात दिसणारे चोळ कांस्यमूर्तींचे नमुने १९५१ साली स्थापन झालेल्या कलादालनात जिल्ह्यातल्या निरनिराळ्या गावांमधून आणून ठेवलेले आहेत. त्या बघून लोक वाडाच चोळांचा समजतात.

मूळ वाडा नायकांचा. विजयनगरच्या अच्युतदेवरायाने सेवप्पा नायकाला १५३२ च्या सुमारास तंजावरचा कारभार दिला. राणीची बहीण सेवप्पाच्या घरात दिलेली होती, म्हणजे ही नेमणूक घरच्याच माणसाची. सेवप्पा, अच्युतप्पा, रघुनाथ आणि विजयराघव अशा चार पिढ्यांनी मिळून हा वाडा उभा केला. घरची आणि दरबारी काव्याची भाषा तेलुगू, प्रजा तमिळ, शास्त्रार्थ संस्कृतात. रघुनाथाच्या काळात १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांना किनाऱ्यावरची तरंगमबाडी मिळाली, म्हणजे युरोपशी ओळखही नायकांच्या वेळचीच.

१६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने हल्ला केला आणि विजयराघव लढताना पडला. पुढे विजापूरच्या आदिलशहाने व्यंकोजीराजांना (एकोजी) पाठवलं ते नायकांच्या वारसाला गादीवर बसवायला. १६७५-७६ मध्ये व्यंकोजींनी तंजावर स्वतःकडेच घेतलं. तिथून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य.

आता मुख्य मुद्दा, आणि तो नागपूरकराला लवकर कळतो. आपल्याकडे रघूजी पहिल्यांनी सत्ता घेतली तेव्हा गोंड राजा बुऱ्हाणशहा आपल्या किल्ल्यात, आपल्या पदवीसह आणि नेमणुकीसह राहिला. भोसल्यांनी स्वतःचा वाडा वेगळा बांधला. म्हणून नागपुरात गोंडांची वास्तू आणि भोसल्यांची वास्तू या दोन वेगळ्या जागा आहेत. तंजावरात नायकांची गादीच उरली नाही, आणि मराठे थेट त्यांच्याच वाड्यात राहायला गेले. नवा वाडा बांधायचं कारण नव्हतं. त्यांनी आहे तेच वापरलं, मधली अंगणं भरली, दरबार नव्याने सजवला, माड्या चढवल्या. 'मराठा पॅलेस' ही पाटी शेवटच्या मालकाची आहे. सांगाडा बराचसा नायकांचा आणि अंगावरचं काम बरंचसं मराठ्यांचं, असं मनात धरून आत गेलात तर एका दरबाराला दोन नावं का, हे आपोआप सुटेल.

---

चुना_सुरखी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ओळखता येतं, पण नक्षीवरून सुरुवात करू नका. आधी बांधणी बघा.

तंजावर कावेरीच्या गाळाच्या प्रदेशात आहे. तिथे आपल्यासारखा काळा दगड पायाखाली नाही. बृहदीश्वराचा ग्रॅनाइटही लांबून आणलेला. म्हणून राजवाडा विटांचा आणि चुन्याचा आहे, दगड फक्त जोत्यात, पायऱ्यांत आणि मोजक्या खांबांत. नायकांच्या भागात भिंती फार जाड, खांब म्हणजे विटांचे अवजड ठोकळे, आणि वर लाकडी तक्तपोशी नसून विटांच्या कमानदार छताचे गाळे किंवा घुमट. कमान टोकदार. ही सुलतानी पद्धत विजयनगरनेच आधी उचललेली होती, नायकांनी ती पुढे नेली. तेव्हा टोकदार कमान दिसली की 'ही आदिलशाहीतून मराठ्यांनी आणली' असं म्हणायची घाई करू नका.

मराठ्यांचं काम ओळखायच्या खुणा आपल्या ओळखीच्या आहेत: पाकळ्या-पाकळ्यांची महिरप, गिलाव्यात उठवलेल्या देवांच्या मूर्ती आणि वेलबुट्टी, त्यावर भडक रंग, आणि माडीला लाकडी खांब-छज्जे. मराठा दरबार शहाजी दुसऱ्यांच्या काळातला, १६८४ चा सांगतात. तिथल्या रंगवलेल्या खांबांचा घेर बघा. बारीक सुरूदार खांब मनात धरून गेलेला माणूस तिथे चक्रावतो. हे खांब जाडजूडच आहेत, कारण पद्धत तिथल्या गवंड्यांची, सजावट नव्या राजांची. गवंडी बदलले नव्हते, मालक बदलले होते. बऱ्याच पुस्तकांत हे सुटतं.

तिसरा थर तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांच्यापासूनचा, म्हणजे १७९८ नंतरचा. सपाट छत, उंच सरळ खिडक्या, युरोपीय धाटणीची सजावट. त्या प्रांतात सपाट छताची रीत अशी: सागवानी तुळया, त्यावर पातळ विटा कडेवर उभ्या करून तिरक्या ओळींत चुन्यात बसवायच्या, वर वीटतुकडा आणि चुन्याचा तीनएक इंचांचा कोबा, आणि सगळ्यात वर चपट्या फरश्या. मद्रास टेरेस म्हणतात ती हीच. ही छतं कुठे बिघडतात ते जरूर बघा. पाणी झिरपलं की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथे वारा लागत नाही. खालून लाकूड ठणठणीत दिसतं आणि एक दिवस गाळा बसतो. विटांच्या कमानदार छताला हा रोग नाही. त्याला धोका पिंपळाच्या मुळांचा आणि खांब फाकण्याचा.

गिलावा पडलेल्या जागी थांबा. तिथे थर मोजता येतात. आत पातळ विटा, मग चुना-वाळूचा जाड हात, मग बारीक चुन्याचा घोटीव थर, शेवटी रंग. रंगाखाली आणखी रंग दिसला तर ती खोली पुन्हा सजवलेली आहे. आणि करडा, कडक, टोकदार तुटलेला थर दिसला तर ते सिमेंट आहे, अलीकडचं. सिमेंटमुळे भिंतीतलं ओल बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, क्षार आतच साचून खडे धरतात आणि शेजारचा जुना चुना भुगा होऊन गळतो. लोणा लागलेली भिंत बहुधा अशा डागडुजीच्या कडेलाच सापडेल. योग्य दुरुस्तीत चुना निदान पंधरा दिवस पाण्यात मुरवतात, वाळूशी साधारण १:३ मिसळतात आणि त्या प्रांतात हिरडा आणि गुळाचं आंबवलेलं पाणी घालतात. त्याने चुना लवकर फुटत नाही आणि घट्ट धरतो. घाईने कमी मुरवलेला चुना भिंतीवर गेला की आतले न विरलेले खडे नंतर फुगतात आणि गिलाव्याला फोडासारखे डाग उठतात.

---

वर्धारोड_वाचक

थोडी भर. लांबून मंदिराच्या शिखरासारखा दिसणारा उंच मनोरा म्हणजे गूडगोपुरम. लोक हात जोडतात, पण ते देऊळ नाही. टेहळणी आणि शस्त्रागार. आठ मजले, सुमारे १९० फूट. आकार मंदिराचा, प्रत्येक मजल्याला कमानींची रांग, काम लष्करी. नायकांची दृष्टी समजून घ्यायला याहून चांगली इमारत नाही.

दुसरा मनोरा माडमाळिगै, घंटाघर. त्याचे वरचे मजले आता नाहीत. तिथे ठेवलेला देवमाशाचा सांगाडा सरफोजींच्या संग्रहातला नव्हे. तो मासा १९५५ साली तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागला होता. 'सरफोजींनी देवमासा पाळला होता' असं वाटाड्याने सांगितलं तर पुढे चालायला लागा.

संगीत महालही मराठ्यांचा म्हणून दाखवला जातो. तो नायकांच्या काळचा, मराठ्यांनी वापरात ठेवला.

---

मोडी_रुमाल

तिसऱ्या प्रश्नासाठी.

ग्रंथालय सरफोजींनी 'स्थापन केलं' हे अर्धवट आहे. नायकांच्या वेळी वाड्यात सरस्वती भांडार होतंच. मराठ्यांनी ते सांभाळलं, आणि सरफोजी दुसऱ्यांनी ते आजच्या तोलाचं केलं. १८२० च्या सुमारास ते काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही हस्तलिखितं जमवून आणली. आज एकूण हस्तलिखितं ४९ हजारांच्या घरात आहेत. त्यांतली बहुतेक संस्कृत, पण लिपी ग्रंथ, तेलुगू, नंदिनागरी, देवनागरी अशा निरनिराळ्या. मराठी हस्तलिखितं तीन हजारांवर, आणि त्याशिवाय राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे १,३०० हून अधिक गठ्ठे. १९१८ साली हे सगळं राजघराण्याच्या ताब्यातून सार्वजनिक संस्थेकडे आलं. नुसत्या तिकिटावर संग्रहालयाची दालनं दिसतात, दप्तर हाताळता येत नाही. कागद बघायचे असतील तर आधी ग्रंथालयाला पत्र लिहा, विषय आणि साल नेमकं कळवा. 'मोडी कागद बघायचे आहेत' एवढंच लिहिलं तर कोणालाच काही काढून देता येत नाही.

मोडी वाचणाऱ्या ताईंसाठी. तंजावरी मोडीचं वळण पेशवे दप्तराहून वेगळं आहे, आणि खरी अडचण शब्दांची येते. जमाखर्चात तमिळ आणि तेलुगू वस्तूंची नावं, माप आणि हुद्दे सरळ मोडीत लिहिलेले असतात. अक्षर लागतं पण शब्द लागत नाही. तमिळ जाणणारा कोणी सोबत घ्या, नाहीतर निदान धान्य, कापड आणि देवळातली सेवा यांचे तमिळ शब्द आधी लिहून ठेवा.

तारखा बहुधा शुहूर सनात, म्हणजे मराठी दप्तरातल्या जुन्या कालगणनेत, असतात आणि आकडे अरबी शब्दांत. रीत अशी: एकं आधी, दहं असल्यास मग ते, मग शतक, मग हजार. 'अर्बा मयातैन व अलफ' म्हणजे ४ + २०० + १,००० = १२०४. हे वर्ष मृगाला, म्हणजे मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतं. तेव्हा जून ते डिसेंबरच्या तारखेत ५९९ मिळवा, जानेवारी ते मेच्या तारखेत ६००. १२०४ म्हणजे १८०३ चा पावसाळा-हिवाळा आणि १८०४ चा उन्हाळा. सरसकट ६०० मिळवणारे अर्ध्या कागदांना एक वर्ष पुढे ढकलतात.

आणि हेच १८०३ साल तुमच्या कामाचं आहे. वाड्यापासून दीडएक किलोमीटरवर बृहदीश्वराच्या आवारात, नैऋत्येकडच्या ओवरीच्या भिंतीवर सरफोजींनी भोसले वंशाचा इतिहास कोरवून घेतला. भाषा मराठी, लिपी बालबोध (देवनागरी), शके १७२५, रुधिरोद्गारी संवत्सर. देशातल्या सगळ्यात लांब शिलालेखांपैकी हा एक. मोडी न येणाऱ्यांनाही सरळ वाचता येतो. सकाळी कललेल्या उन्हात अक्षरं उठून दिसतात, दुपारी सपाट होतात.

छापखाना विसरू नका. सरफोजींनी १८०५ मध्ये वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक छापलं. मुंबई-पुण्यात मराठी छपाईचा जम बसायच्या कितीतरी आधी.

---

महाल_गांधीगेट

फारच उपयोगाचं. सगळ्यांचे आभार. आणखी दोन शंका. तंजावरचे भोसले आणि आपले नागपूरकर भोसले एकच का? आणि दोन्ही राज्यं जवळपास एकाच वेळी खालसा झाली, मग तिथला वाडा कसा टिकला?

---

जुनी_शुक्रवारी

शाखा वेगळ्या. तंजावरकर हे शहाजीराजांचे थेट वंशज, व्यंकोजी म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. नागपूरकर हे हिंगणीकर भोसले.

पण संबंध नक्की आहे, आणि तो तुमच्या गटाला माहीत असायलाच हवा. तंजावरचे प्रतापसिंह अर्काटच्या नबाबाच्या आणि त्याचा जावई चंदासाहेबाच्या कचाट्यात सापडले होते. साताऱ्याहून छत्रपती शाहूंनी मदतीला फौज पाठवली तिचे सरदार आपले रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले. मे १७४० मध्ये दामलचेरीच्या खिंडीत नबाब दोस्तअली मारला गेला, मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद झाला. तंजावरच्या वाड्याने पुढचं शतक मराठी पाहिलं, त्यात नागपूरच्या तलवारीचा वाटा आहे.

पुढे १७७३ मध्ये नबाबाने इंग्रजांच्या जोरावर तंजावर घेतलंच, १७७६ मध्ये ते तिथले राजे तुळजाजी यांना परत मिळालं. १७९९ च्या तहाने सरफोजींकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला, बाकी कारभार कंपनीकडे. राजाला वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. हेच सरफोजी ग्रंथालय, छापखाना आणि वैद्यकाचा धन्वंतरी महाल उभा करू शकले याचं एक कारण मला यातच दिसतं: लढाईचा खर्च संपला होता, पैसा आणि वेळ दोन्ही वाड्याच्या आत वळले. जॉन फ्लॅक्समनने घडवलेला त्यांचा हात जोडलेला संगमरवरी पुतळा नायकांच्या दरबारात उभा आहे. नायकांचं छत, मराठा राजा, इंग्रज शिल्पकार. तिथे पाच मिनिटं द्या.

खालसा होण्याचं म्हणाल तर आपले रघूजी तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि १८५४ मध्ये राज्य गेलं. तंजावरचे शिवाजी दुसरे ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. दोन्हीकडे औरस पुत्र नाही. दोन्हीकडे राण्यांनी झगडा दिला, इथे बांकाबाईंनी, तिथे कामाक्षीबाईसाहेबांनी. तंजावरचा वाडा आणि त्यातली संपत्ती ऑक्टोबर १८५६ मध्ये कंपनीने जप्त केली तेव्हा कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये निकाल विरुद्ध लागला: ही राज्यसत्तेची कृती, न्यायालय हात घालू शकत नाही. तरी १८६२ मध्ये सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत केली. त्यामुळे घराणं वाड्यातच राहिलं आणि पुस्तकं विखुरली नाहीत. आपल्याकडे जडजवाहीर लिलावात गेलं.

---

चुना_सुरखी

वाडा टिकण्याचं दुसरं कारण बांधणीत आहे. नागपूरचा वाडा काळ्या दगडाचा आणि भरगच्च कोरीव लाकूडकामाचा होता. दगड जळत नाही, पण मजले आणि छत लाकडावर पेललेले असले की आग लागल्यावर आतलं सगळं खाली येतं, भिंतींचा आधार जातो. म्हणून मोठा दरवाजा तेवढा राहिला. तंजावरच्या जुन्या भागात पेटायला तक्तपोशीच नाही. तिथेही जिथे लाकूड जास्त, त्या माड्याच आज सगळ्यात वाईट अवस्थेत आहेत.

---

वर्धारोड_वाचक

चौथा प्रश्न राहिला. एका दिवसात वाडा होतो, मंदिरासकट नीट होत नाही. दोन दिवस ठेवा.

पहिल्या दिवशी सकाळी आधी बृहदीश्वर आणि शिलालेख. वाचणाऱ्यांना निदान दोन तास द्या. दुपारी वाड्यात कलादालन आणि नायक दरबार, कारण तिथे सावली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मराठा दरबार, संगीत महाल, दोन्ही मनोरे, मग सरस्वती महाल. हा क्रम मुद्दाम सांगतोय: आधी नायकांचा दरबार बघितला तरच मराठ्यांनी काय बदललं ते दिसतं. उलट गेलात तर दोन्ही सारखेच वाटतात. ईस्ट मेन स्ट्रीटवरची सर्जा माडी बाहेरून बघा, छज्ज्यांचं लाकूडकाम आपल्या महालातल्या जुन्या वाड्यांची आठवण देईल.

तिकिटं विभागवार वेगळी असू शकतात, शिवाय मनोऱ्यावर चढू देतात की नाही हे दुरुस्तीवर अवलंबून असतं. दाराशीच विचारून घ्या. जानेवारी निवडलात ते बरोबर. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, भिंती तोवर ओल्या असतात. फक्त पोंगलचे दिवस टाळा. १४ जानेवारीच्या आसपास सरकारी सुट्ट्या सलग येतात, ग्रंथालय बंद सापडेल आणि मोडीवाल्या ताईंचा हेलपाटा होईल.

---

मोडी_रुमाल

पत्र लिहिताना इंग्रजीत लिहा, हस्तलिखितांच्या छापील सूच्या आहेत त्यांतला क्रमांक मिळाला तर तोही द्या. विषय ठरवला नसेल तर एक सुचवतो: शिवाजी दुसऱ्यांच्या कारकिर्दीतले वाड्याच्या डागडुजीचे हिशेब. चुना, विटा, मजुरी असं काही हाती लागलं तर इथे नक्की टाका. चुना_सुरखी यांनी सांगितलेले थर त्या आकड्यांशी जुळवून बघता येतील.